चाटलेली गव्हाण

डॉन तेयोनं पहिला संशय घेतला तो माझ्यावर. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण या माणसानं स्वतःच्या लग्नात पाद्र्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, की भांड्यातलं पाणी खरंच मंतरलेलं आहे ना, की नळाचंच आहे.

एलेउतेरिओ बान्यागा हे त्याचं पूर्ण नाव, डॉन हे आम्ही मानानं लावतो. एकोणिसाव्या वर्षी सीमेपलीकडच्या सिनालोआहून आला, दोन हिवाळे शेतात लेट्यूस कापलं आणि मग ब्रॉलीच्या अलीकडच्या आमच्या फीडलॉटवर, म्हणजे मांसासाठी जनावरं खाऊ घालून वाढवायच्या ठिकाणी, फावडं घेऊन शिरला, तो तिथलाच झाला. फावड्यावरून आंबोणाच्या ट्रकवर गेला आणि ट्रकवरून गव्हाणी वाचायच्या कामावर. बाजारात कलिंगड घेतलं तर दोनदा तोलायला लावणार. बायकोनं पुढ्यात ठेवलेली टॉर्टिया उलटी करून बघणार. मुलीला घरी सोडायला आलेल्या पोराशी हसून बोलणार आणि तो गेल्यावर त्याच्या गाडीचा नंबर हातावर लिहून ठेवणार. माणूस काय आणि शिवलेलं पोतं काय, उघडून बघितल्याशिवाय आत काय आहे ते सांगू नये, असं तो म्हणायचा आणि आपण फार मोठं सांगितलं अशा थाटात मिशीवरून बोट फिरवायचा.

गव्हाणी वाचायच्या म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे नव्वद वाडगी आहेत, कुंपणाची, आणि प्रत्येक वाडग्यापुढे सिमेंटची लांबच लांब गव्हाण. त्यात काळीपांढरी गोऱ्ही. दूधवाल्यांच्या गोठ्यात जन्मलेली, पण दूध देणार नाहीत म्हणून तिथं नकोशी झालेली. चार महिन्यांची असताना खच्ची करून आमच्याकडे पाठवतात, सव्वाशे-दीडशे किलोची. अकरा-बारा महिने खाऊन सहाशे किलोची होऊन जातात. त्या अकरा महिन्यांत रोज त्यांच्यापुढे किती टाकायचं, हे एकच माणूस ठरवतो. पहाटे पहिला ट्रक निघायच्या आधी तो गव्हाणीगव्हाणीशी थांबतो, काल टाकलेल्यातलं काय उरलंय ते बघतो आणि आकडा लिहितो. चाटून साफ असेल तर शून्य. तळाला पातळ थर असेल तर एक. त्याहून जास्त उरलं तर दोन, तीन. लागोपाठ शून्य आलं म्हणजे पोरं (गोऱ्ह्यांना आम्ही पोरंच म्हणतो) भुकेली आहेत, थोडं वाढवायचं. उरत असेल तर हात आखडायचा. वाढवण्यात घाई झाली तर मका पोटात आंबतो, पोट फुगतं आणि सकाळी पाय वर करून पडलेलं गोऱ्हं मिळतं. कमी पडलं तर वाढ खुंटते. डॉन तेयोनं बावीस वर्षं हे काम केलं होतं आणि आपल्या आकड्याविषयी तो नाकावर माशी बसू देत नसे.

मी गिरणीत असते. ओफेलिया माझं नाव, सगळे ओफे म्हणतात. मका वाफवायचा, लोखंडी रुळांतून चेपून त्याचे जाड पोहे काढायचे, त्यात चिरलेला सुका लसूणघास, मळी, चरबी, चुन्याची भुकटी, पेंड असं सगळं मापानं घालायचं आणि ट्रक भरून द्यायचा. या मिश्रणालाच मी आंबोण म्हणते. नव्या पोरांच्या आंबोणात पेंड जास्त लागते. मोठं जनावर थोड्या युरियावर भागवतं, कारण त्याच्या पोटातले जंतू युरियाचं प्रथिन करून देतात. चार महिन्यांचं पोर इतक्या झपाट्यानं वाढत असतं, की जंतूंनी करून दिलेलं त्याला पुरत नाही, त्याला खरी पेंडच हवी. युरिया स्वस्त आणि पेंड महाग. त्यामुळे एखाद्या गिरणीत पेंड कमी आणि युरिया जास्त जाऊ शकतो, हे मला माहीत आहे आणि डॉन तेयोलाही माहीत होतं.

त्या वर्षी एकतिसावं वाडगं बिघडलं. जानेवारीत कोविडनं आम्हा सगळ्यांना झोपवलं होतं. डॉन तेयो तीन आठवडे तापात होता, परत आला तेव्हा पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. बरा आहेस का, असं कोणी विचारलं तर का विचारतोस, असं उलट विचारायचा, म्हणून मग आम्ही विचारणं सोडलं. मार्चमध्ये एकतिसात ऐंशी नवी पोरं आली. मेमध्ये तोलली तर दिवसाला किलो-सव्वा किलो चढायला हवं तिथं जेमतेम पाऊण किलो चढलेलं. तीन पोरं पोट फुगून मेली. शेण राखाडी, पातळ, वर बुडबुडे. आणि गव्हाण मात्र रोज शून्य.

फीडलॉट चालवतो तो लालो बैन्स. त्याचे पणजोबा पंजाबातून या वाळवंटात कापूस पिकवायला आले आणि त्यांनी इथली मेक्सिकन बायको केली. पणतवापर्यंत आडनाव पोहोचलं आणि कितीही तिखट खायची ताकद. लालो आवाज चढवत नाही, त्यामुळे तो बोलला की माणसं घाबरतात. त्यानं डॉन तेयोला सगळ्यांसमोर सांगितलं, की जूनअखेरपर्यंत एकतिसात काय चाललंय ते शोधा, नाहीतर जुलैपासून गव्हाणी वाचायला दुसरा माणूस बघावा लागेल. डॉन तेयो एकसष्ट वर्षांचा होता. वाचायचं काम गेलं असतं तर शेचाळीस डिग्रीच्या उन्हात पुन्हा शेण ओढायला लागला असता, आणि तेही ज्यांना त्यानं काम शिकवलं त्यांच्या हाताखाली.

त्यानं हिशोब सरळ मांडला. आकडा शून्य येतोय, म्हणून मी वाढवतोय. मी वाढवतोय तरी पोरं वाढत नाहीत. म्हणजे मी टाकायला सांगतो ते पोरांच्या पोटात जात नाही. म्हणजे कोणीतरी चोर आहे.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत आला, नव्या पोरांच्या ढिगात हात घातला, चिमूट जिभेवर ठेवली आणि चघळत माझ्याकडे बघत राहिला.

"युरिया कडू लागतो, ओफे," तो म्हणाला.

"मळी गोड लागते. डबा देऊ का भरून?" मी म्हणाले.

माझं डोकं फिरलं होतं. सोळा वर्षं मी त्या मापाशी उभी आहे, एक पोतं इकडचं तिकडे केलेलं नाही. मी सगळे हौद उघडून दाखवले, त्याच्यासमोर पेंड तोलली, त्याच्यासमोर मिसळली. त्यानं पुन्हा चाखलं, मान हलवली आणि माफीबिफी न मागता निघून गेला. पूर्वी तो असा मूठ उचलायचा, नाकाशी न्यायचा आणि वाफ जास्त लागली, कमी लागली, एवढंच सांगायचा. आता चघळतो कशाला, असं माझ्या मनात आलं होतं. मला वाटलं, मुद्दाम माझा अपमान करायला करतोय. मी रागात होते आणि रागात असल्यावर मी फार पुढचा विचार करत नाही, ही माझी खोड आहे.

माझ्यानंतर बगळ्यांचा नंबर लागला. कालव्यावरून शेकड्यांनी येतात आणि गव्हाणीच्या कडेवर बसतात. एक अख्खी सकाळ हा माणूस टोपी डोळ्यांवर ओढून एकतिसासमोर बसला, बगळे मका खातात की माश्या, ते बघायला. बगळे माश्या खात होते. मग पोरं पाठवणाऱ्यावर संशय, की त्यानं आजारी माल गळ्यात मारला. तिथल्या बाईला फोन करून त्यानं इतके प्रश्न विचारले, की तिनं लालोलाच फोन केला आणि हा म्हातारा पोलिसात आहे का, असं विचारलं.

मग एकच माणूस उरला.

क्रेसेन्सिओ उरियास, आमचा चेंचो. बावीस वर्षं डॉन तेयोच्या मागोमाग आंबोणाचा ट्रक चालवायचा. तेयोनं आकडा लिहायचा आणि चेंचोनं त्याप्रमाणे गव्हाणीत टाकत जायचं. तेयोची मुलगी मारिसेला हिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तिला पाण्यावर धरायला चेंचोच उभा होता. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, आणि कोंपाद्रे झाल्यावर अरेतुरे चालत नाही. लेट्यूसच्या शेतात एकमेकांना शिव्या घालणारे दोघं त्या दिवसापासून अहो-जाहो करायला लागले. कोंपाद्रेशी खोटं बोललं तर देवाच्या साक्षीनं खोटं बोलल्यासारखं आहे, असं आमच्याकडे मानतात. तरीही डॉन तेयो चेंचोच्या ट्रकमागून दहा दिवस फिरला. ट्रकच्या काट्याचा आकडा आणि आपला आकडा जुळवून बघितला. आकडे तंतोतंत जुळत होते आणि त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला.

एके दुपारी तो पुन्हा गिरणीत आला. या वेळी हात पाठीमागे.

"उद्या पहाटे माझ्याबरोबर ये," तो म्हणाला. "एकतिसाशी. मला साक्षीदार पाहिजे."

"मी कशाला? तुमचं माझं पटत नाही, ते सगळ्यांना माहितीये."

"म्हणूनच. तू माझ्या बाजूनं खोटं बोलणार नाहीस."

मी जायला नको होतं. पण खरं सांगायचं तर गिरणीवरचा डाग पुसून निघावा, असं मलाही वाटत होतं. चोर दुसरा कोणी निघाला, तर मी मोकळी. म्हणून गेले. तेव्हा गाडीत दोन माणसं असली की मुखपट्टी लावायचीच, असा लालोचा नियम होता. आम्ही तोंडं बांधून, काचा वर करून, चाऱ्याच्या गंजीआड बसलो. जवळच्या खाऱ्या तलावावरून वारा होता. त्या वाऱ्याबरोबर मेलेल्या माशांचा वास येतो, तो काचा बंद असल्या तरी आत घुसतो. मी पट्टीवरून आणखी रुमाल धरला. डॉन तेयो नुसता समोर बघत बसला होता.

उजाडता उजाडता चेंचोची स्वतःची पिकअप आली, दिवे न लावता. तो खाली उतरला. नाकातोंडावर घट्ट रुमाल बांधलेला. त्यानं मागून फावडं काढलं आणि एकतिसाच्या गव्हाणीतून आंबोण उचलून पिकअपमध्ये भरायला लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोपरेसुद्धा. त्याच्या पाठोपाठ पोरं गव्हाणीत तोंडं घालून सिमेंट चाटत होती. ही जात काहीही चाटते, फाटकाची कडी, माणसाचा पट्टा, एकमेकांचे कान. पाच मिनिटांत फावड्याचा ओरखडासुद्धा दिसला नसता.

डॉन तेयो गाडीतून उतरला. मी त्याच्या मागोमाग, नाकावरचा रुमाल न सोडता.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "तोंड का लपवताय?"

चेंचोनं फावडं टेकवलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. रुमाल खाली ओढला.

"कुठं नेता हे?"

"शेळ्यांना," चेंचो म्हणाला.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

लालोच्या ऑफिसातही त्यानं एवढंच सांगितलं. लालोनं मला विचारलं, तू डोळ्यांनी बघितलंस का. मी बघितलं होतं, म्हणून हो म्हणाले. नऊ वाजायच्या आत चेंचोनं कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बावीस वर्षांची नोकरी संपली. जाताना त्यानं डॉन तेयोकडे बघून टोपीला हात लावला. डॉन तेयोनं तोंड फिरवलं. संध्याकाळी मारिसेलानं बापाला फोन करून वाट्टेल ते ऐकवलं म्हणे, आणि तिच्या आईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं पण शेजारी बसली नाही. तो मात्र आम्हाला सांगत होता, की बघा आता, आठवड्यात पोरं कशी सुधारतात.

चौथ्या दिवशी लालोनं मला एकतिसातला नमुना आणायला पाठवलं. पोरं गव्हाणीकडे फिरकत नव्हती. एका जागी गोळा होऊन उभी होती. वारा पडलेला होता. वीस पावलांवरच माझ्या नाकाला जे झोंबलं, त्यानं डोळ्यांत पाणी आलं. मळी आणि लाळ एकत्र भिजून, उन्हात आंबून, त्यावर बुरशी धरलेली. व्हिनेगरचं पिंप फुटावं तसा उग्र दर्प. मी बाहीनं नाक दाबून पुढे गेले, तर डॉन तेयो त्याच गव्हाणीवर वाकलेला. डोकं जवळजवळ आत, हात कोपरापर्यंत त्या घाणीत. शांतपणे त्यानं कार्डावर दोन लिहिलं.

"उकाड्यानं खात नाहीत," मला म्हणाला. "वरून ताजं टाकायला सांगतो."

"याच्यावर?"

"मग कशावर?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला आता गिरणीतली ती जीभ आठवली. गाडीत बसलेला, खाऱ्या तलावाच्या वाऱ्यात नुसता समोर बघणारा माणूस आठवला. मी ट्रकवर जाऊन ताज्या आंबोणाची मूठ घेतली, दुसऱ्या मुठीत गव्हाणीतला लगदा घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"डोळे मिटा आणि सांगा, ताजं कुठलं."

"तुला हे लालोनं शिकवलं?"

"कोणी नाही शिकवलं. मिटा."

त्यानं डोळे मिटले. मी मुठी त्याच्या नाकाखाली धरल्या. त्यानं जीभ पुढे काढली.

"जीभ नाही," मी म्हणाले. "नाक."

तो तसाच उभा राहिला. श्वास घेत होता, छाती वरखाली होत होती. मग त्यानं उगाचच डाव्या मुठीकडे बोट केलं. डाव्या मुठीतून माझ्या मनगटावर पाणी ओघळत होतं.

डोळे उघडून त्यानं बघितलं आणि गव्हाणीच्या कडेवर बसला. "जानेवारीपासून," तो म्हणाला. "कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. डॉक्टर म्हणाला, येईल परत. मी म्हटलं येईल, तोवर डोळ्यांनी काढू दिवस." घरातसुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, त्यानं डॉक्टरच्या त्या एका वाक्यावर सहा महिने विश्वास ठेवला होता.

पुढचं त्यानंच जुळवलं, मी तोंड उघडायच्या आत. "रुमाल," तो म्हणाला. "तोंड लपवायला नव्हता."

नव्हताच. उरलेलं आंबलं, की वाचणाऱ्यानं ते काढून टाकायला सांगायचं असतं. तेयोला वास येत नव्हता, म्हणून तो सांगत नव्हता. सुरुवातीला त्याच्यावरच ताजं टाकायला लावायचा. बाकीच्या वाडग्यांतली मोठी जनावरं आंबण्याइतकं उरूच देत नाहीत, नवी पोरं एकतिसातच होती. ट्रकच्या खिडकीतून चेंचोला वास यायचा. लालोला यायच्या आत तो ते खरवडून काढत होता. पोरं मागचं सगळं चाटून ठेवायची. मग उजाडल्यावर तेयो येऊन बघणार, तर चाटलेली गव्हाण. शून्य. पोरं भुकेली आहेत, वाढवा. वाढवलं की आणखी उरणार, आणखी आंबणार, चेंचो आणखी काढणार. गरम दिवशी पोरं खायची नाहीत, गार पहाटे हावऱ्यासारखी मक्यावर पडायची. तीन पोरं त्यामुळेच मेली. एकानं दुसऱ्याचं झाकायला गव्हाण साफ केली आणि दुसऱ्यानं ती साफ बघून पोरांना मारलं.

"आणि शेळ्या?" मी विचारलं.

"शेळ्या त्यानं नाताळात विकल्या," तो म्हणाला. "शेवटच्या शेळीची बिरिया, तिखट रस्सा, माझ्याच घरी झाली. तो शेळ्या म्हणाला, तेव्हा मला वाटलं, चोरीच्या आंबोणावर नव्या घेतल्या असतील."

मागच्या बाजूला शेणाचे डोंगर आहेत. आम्ही दोघं तिथं जाऊन बघून आलो. एका कडेला आंबलेल्या मक्याचा काळा थर पडला होता, मार्चपासूनचा, आणि पिकअपच्या चाकांची वाट थेट तिथंच संपत होती. मला माझीच लाज वाटली. मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि हो म्हणाले होते. चार दिवस शेणापर्यंत चालत जायचा कंटाळा केला.

डॉन तेयो तिथून तडक लालोकडे गेला. उभ्याउभ्या सांगितलं, की मला वास येत नाही, सहा महिने मी खोटे आकडे लिहितोय, चेंचो चोर नाही, तो माझं झाकत होता. लालोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, डॉन तेयो, तुम्हाला आता वाचायला ठेवता येणार नाही, हे तुम्हालाही कळतंय. मग म्हणाला, चेंचोला बोलवा. एकतीस सावरणारा तोच आहे, उद्यापासून वाचायचं काम त्याचं. तुम्ही त्याच्या ट्रकवर जा, तो परत यायला तयार असेल तर.

वेस्टमोरलंडला चेंचोचं घर आहे. डॉन तेयोनं मला गाडीत बसायला सांगितलं.

"साक्षीला?" मी विचारलं.

"नाही. एकटा गेलो तर वाटेत गाडी वळवीन."

चेंचो अंगणात पत्र्याच्या सावलीत पाण्याची नळी दुरुस्त करत होता. शेळ्यांचं कुंपण रिकामं, त्यात फुटक्या खुर्च्या रचलेल्या. त्यानं आम्हाला चांगल्या खुर्च्या दिल्या, आतून जास्वंदीचं सरबत आणलं आणि डॉन तेयोच्या हातात ग्लास देताना बर्फ जास्त घातलाय म्हणाला. कसे आलात, हे विचारलं नाही. डॉन तेयोनं लालोचा निरोप सांगितला, एका दमात, पाठ केल्यासारखा. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंत, कोंपाद्रे?"

"काय सांगायचं? तुमचं नाक गेलंय? सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

डॉन तेयो ग्लासाकडे बघत राहिला. कोंपाद्रेशी खोटं बोलता येत नाही.

"म्हणालो असतो, याला माझी जागा हवीये."

"हवीच होती," चेंचो म्हणाला.

मी मान वर करून बघितलं. तो रागावलेला नव्हता. हातातल्या नळीच्या टोकाला तार गुंडाळत होता.

"बावीस वर्षं तुमच्या मागून ट्रक चालवला. तुम्ही आकडा लिहायच्या आधी मला कळायचं, कुठं काय उरलंय. जानेवारीत तुम्ही तापात पडलात तेव्हा मी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जायचो. तुमच्यासाठी. आणि तिथं उभा असताना मनात यायचं, की हा गेला तर गव्हाणी मला मिळतील. रोज यायचं. मग तुम्ही उठून आलात, आणि वास येत नव्हता. त्याच तोंडानं लालोपुढे जाऊन मी काय सांगणार होतो? सांगितलं असतं ते खरंच होतं, पण कशासाठी सांगतोय ते मला माहीत होतं. त्यापेक्षा शेळ्या म्हणणं सोपं गेलं."

मला वाटलं, आता डॉन तेयो उठेल, कारण आयुष्यभर तो जे शोधत होता ते शेवटी त्याला कोणीतरी तोंडावर कबूल करून दिलं होतं. तो उठला नाही. सरबत संपवलं, ग्लास जमिनीवर ठेवला आणि मिशी पुसली.

"एकतिसात उद्या किती टाकायचं?" त्यानं विचारलं.

चेंचोनं तार पिळायची थांबवली. "आधी ती गव्हाण घासून धुवायची," तो म्हणाला. "मग दोन दिवस निम्मंच. घास जास्त, मका कमी."

"धुतो मी," डॉन तेयो म्हणाला.